ठरावापासून ओंजळीपर्यंत : डिजिटल दरीचा विचार

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशांतून बांधलेले किंवा शासनाच्या देखरेखीखालील पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला वापरू द्यावेत, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदोपत्री प्रश्न मिटला. परंतु ज्यांच्यासाठी ठराव झाला त्यांना तळ्याच्या पायऱ्या उतरता येत नव्हत्या. त्यासाठी २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतरही खटला चालू राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. ठरावापासून निर्विवाद हक्कापर्यंतच्या प्रवासाला जवळजवळ १४ वर्षे लागली.

एखादी गोष्ट सर्वांना खुली आहे असे जाहीर होणे आणि ती शेवटच्या माणसाच्या ओंजळीत पडणे, यांत किती अंतर असते हे या घटनाक्रमावरून कळते. आज ज्याला ‘डिजिटल दरी’ म्हटले जाते तिचे स्वरूप असेच आहे. इंटरनेट वापरण्यास कोणत्याही कायद्याने कोणालाही मज्जाव केलेला नाही. तरीही शाळाप्रवेश, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, रेल्वेचे तिकीट आणि नोकरीचा अर्ज या सर्वांची वाट जेव्हा एकाच पडद्यातून जाऊ लागते, तेव्हा त्या पडद्यापर्यंत कोण पोहोचतो आणि कोण पोहोचत नाही, हा सामाजिक न्यायाचा प्रश्न ठरतो. आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत त्याची चर्चा व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

दरीच्या पाच पायऱ्या

‘डिजिटल दरी’ ही संज्ञा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाली. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५५० कोटी लोक, म्हणजे ६८ टक्के लोकसंख्या, इंटरनेट वापरते. २६० कोटी लोक अद्याप त्याबाहेर आहेत. उच्च उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ९३ टक्के, तर अल्प उत्पन्नाच्या देशांत अवघे २७ टक्के आहे. जगभरातील शहरांत ते ८३ टक्के आणि खेड्यांत ४८ टक्के आहे. म्हणजे ही दरी देशादेशांमध्ये आहे आणि प्रत्येक देशाच्या आतही आहे.

आपल्या देशात २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत शहरी कुटुंबांपैकी २३.४ टक्के, तर ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आढळला. इंटरनेटची सोय शहरांत ४२ टक्के आणि खेड्यांत १४.९ टक्के कुटुंबांना होती. त्यानंतर स्मार्टफोन झपाट्याने पसरले. ‘असर’च्या सर्वेक्षणानुसार ग्रामीण विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे त्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. हे आकडे पाहून दरी बुजत चालली असे वाटते. परंतु घरात फोन असणे ही पाचांपैकी एकच पायरी आहे.

पहिली पायरी वीज आणि रेंज यांची. दुसरी यंत्राची. तिसरी दरमहा रिचार्ज करण्याइतक्या पैशाची. चौथी भाषा आणि कौशल्याची. पाचवी पायरी सर्वांत महत्त्वाची, पण सर्वांत कमी चर्चिली जाणारी : ते साधन दुसऱ्याच्या मध्यस्थीशिवाय, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या निर्णयाने वापरता येण्याची. शासकीय अहवाल बहुधा पहिल्या दोन पायऱ्या मोजतात. वंचित समाजाचे पाऊल अडते ते मुख्यतः शेवटच्या दोहोंवर.

माध्यम येते केव्हा आणि हाती लागते केव्हा

नवे माध्यम आले की ते आपोआप सर्वांचे होते, हा समज इतिहासाला धरून नाही. मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर आपल्याच जिल्ह्यातील देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. छापखाना हे त्या काळातील नवे तंत्रज्ञान होते आणि ज्यांच्या घरात अक्षरज्ञान पिढ्यान् पिढ्या होते त्यांच्या हाती ते प्रथम गेले. महाडजवळच्या रावढूळ गावचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांना १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढता आली. एरव्ही त्यांना आपले विचार इतरांच्या पत्रांतून मांडावे लागत. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला २,५०० रुपयांचे साहाय्य केले. पैसे भरण्याची तयारी असूनही ‘केसरी’ने या पत्राची जाहिरात छापली नाही, ही गोष्ट प्रसिद्ध आहे.

‘दर्पण’ ते ‘मूकनायक’ हे अंतर ८८ वर्षांचे आहे. या काळात छापखाने वाढले, कागद स्वस्त झाला, टपाल खेड्यापाड्यांत पोहोचले. पण आपल्याविषयी इतरांनी लिहिलेले वाचणे आणि आपण स्वतः लिहिलेले छापून आणणे यांत जे अंतर होते, ते केवळ काळ लोटल्याने मिटले नाही. ते प्रयत्नपूर्वक मिटवावे लागले. इंटरनेटच्या बाबतीत आपल्याला एवढी वर्षे थांबणे परवडणारे नाही.

सड्यावरची रेंज

सिंधुदुर्ग हा साक्षर जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक होते. २०२५ मध्ये जिल्हा प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू झाला आणि या बाबतीत देशातील पहिला जिल्हा म्हणून त्याचा गौरव झाला. हे भूषणावह आहेच. परंतु त्याच जिल्ह्यात पावसाळ्याच्या दिवसांत फोनवर बोलण्यासाठी घर सोडून सड्यावर जाणारी माणसेही आहेत.

याची कारणे भूगोलात आहेत, तशी वस्तीच्या रचनेतही. घाटमाथ्यावरच्या गावासारखे आपले गाव एका ठिकाणी दाटीने वसलेले नसते. ते वाड्यावाड्यांत विखुरलेले असते. दोन वाड्यांमध्ये डोंगराचा उतार, माडा-पोफळीच्या बागा किंवा व्हाळ असतो. थोड्या घरांसाठी टॉवर उभारणे खाजगी कंपनीच्या हिशेबात बसत नाही. शिवाय बौद्धवाडी परंपरेने गावाच्या कडेला, सखल किंवा आडवळणाच्या जागी ढकललेली. रस्ता, नळ आणि वीज जशी तिथे सर्वांत शेवटी पोहोचली, तशीच रेंजही शेवटी पोहोचते. जुन्या सामाजिक अंतराचा नकाशा नव्या तंत्रज्ञानाच्या नकाशावर असा उमटतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे धोरण आले. हेतू स्तुत्य होता. पण एका घरात एक फोन आणि शिकणारी तीन भावंडे, तो फोनही वडील मच्छीमारीला किंवा गोव्यात कामाला जाताना सोबत नेणार, अशी स्थिती कितीतरी घरांत होती. आपल्याच जिल्ह्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावरच्या झोपडीत बसून अभ्यास केल्याची बातमी वृत्तपत्रांत झळकली. तिच्या जिद्दीचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण अशी झोपडी बांधावी लागणे हे व्यवस्थेचे अपयश आहे, याचा उच्चार त्या कौतुकात फारसा झाला नाही. पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने मालवण, देवगड, वेंगुर्ले किनाऱ्यावर विजेचे खांब आडवे केले. वीज गेली, पाठोपाठ टॉवरही मुके झाले. पहिली पायरीसुद्धा किती कच्ची आहे, हे तेव्हा दिसले.

दुसऱ्याच्या हातचे पाणी

साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ उघडून दिला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. हा प्रसंग आपण दरवर्षी १४ एप्रिलला सांगतो. त्याचा अर्थ मात्र बारकाईने पाहिला पाहिजे. शाळेत पाणी होते आणि भीमरावांना ते मिळतही होते. परंतु ते दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच्या सवडीने आणि मर्जीने मिळत होते. अशा मिळण्याला हक्क म्हणता येत नाही.

कोकणाला मध्यस्थाची ही सवय जुनी आहे. मुंबईच्या गिरणीत वा गोदीत राबणाऱ्या चाकरमान्याचे पत्र गावी आले की ते वाचून दाखवायला पोस्टमन किंवा गुरुजी लागत. उत्तरही त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे लागे. मनातले सगळे सांगता येत नसे, कारण लिहिणारा परका असे. मनीऑर्डरच्या पावतीवर आमच्या आज्या अंगठा उमटवीत. शिक्षणाने तो अंगठा पुसला. आता तो बायोमेट्रिक यंत्रावर पुन्हा आला आहे, आणि अर्ज भरण्यासाठी मध्यस्थही परतला आहे.

आज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावरून मिळते. जात पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करावा लागतो. शिक्षणहक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांची सोडतही ऑनलाइन निघते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. म्हणजे घराजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घ्यायचा असला, तरी मालवणच्या खेड्यातील मुलाला त्याच संगणकीय रांगेत उभे राहावे लागते. ही रांग पारदर्शक आहे, शिफारशीला तिथे वाव कमी आहे, आणि म्हणून आपल्या समाजाने तिचे स्वागतच करावे. पण अर्ज भरतो कोण, हे एकदा पाहिले पाहिजे.

बहुतेक अर्ज सायबर कॅफे, झेरॉक्सचे दुकान किंवा सेवा केंद्रात भरले जातात. तेथील माणसे मेहनती असतात, आणि त्यांच्याशिवाय अनेकांचे अर्ज भरलेच गेले नसते. तरीही घडते असे की, पालकाचा फोन साधा असल्याने अर्जात दुकानदाराचा किंवा ओळखीच्या कोणाचा मोबाइल क्रमांक लिहिला जातो. पासवर्ड त्याच्या वहीत राहतो. पुढे अर्जात त्रुटी निघाली तर तिचा संदेश त्या क्रमांकावर जातो. विद्यार्थ्याला कळते तेव्हा मुदत संपलेली असते. ओटीपी ज्याच्या फोनवर येतो, अर्जाची किल्ली त्याच्याच हाती असते. इतक्या वर्षांच्या अध्यापनात आम्हा शिक्षकांना असे दिसले आहे की, अशा वेळी मुले पात्रतेत कमी पडलेली नसतात. एका चुकलेल्या तारखेमुळे त्यांचे वर्ष पणाला लागलेले असते.

मुलींच्या बाबतीत मध्यस्थ घरातच असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ६२ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३८ टक्के होते. ‘असर २०२३’ मध्ये देशातील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी झाली. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता, तर मुलींपैकी १९.८ टक्के मुलींकडेच. फोन घरात आहे, पण तो भावाच्या खिशात आहे, असा याचा सरळ अर्थ.

भाषेची पायरी

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक कथा आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांना विनंती केली की, बुद्धवचन छंदस् भाषेत बांधावे. तथागतांनी ती नाकारली आणि लोकांनी आपापल्या भाषेतून धम्म शिकावा अशी अनुज्ञा दिली. ज्ञान ज्या भाषेत साठवले जाते, त्या भाषेचे लोकच त्याचे रखवालदार होऊन बसतात, हे ओळखूनच ही अनुज्ञा दिली गेली असे आम्हांस वाटते.

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाख आहेत. मराठी विकिपीडियावरील लेखांची संख्या लाखाच्या आसपास, तर इंग्रजीतील ७० लाखांच्या घरात आहे. अनेक संकेतस्थळांवर मराठीचे बटण असते. मात्र ते दाबल्यावर मथळे मराठीत येतात आणि सूचना, त्रुटीचे संदेश व नियमावली इंग्रजीतच राहतात. शब्द कळला नाही की विद्यार्थी पुन्हा दुकानदाराकडे वळतो. मराठी टंकलेखन येणारा, मराठीत नेमके शोधू शकणारा आणि मराठीत नवी माहिती लिहून जगापुढे ठेवणारा विद्यार्थी घडविणे हे भाषेच्या शिक्षकाचेही काम आहे.

यंत्र वाटले म्हणजे दरी बुजते काय?

अनेक विकसनशील देशांनी हा प्रश्न सोडविण्यासाठी प्रयोग केले. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने ग्रामीण शाळांतील मुलांना लाखो लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात गणित आणि भाषा या विषयांत मुलांची प्रगती झाल्याचे दिसले नाही; यंत्रे पोहोचली, पण बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते आणि शिक्षकांची तयारी अपुरी होती. त्याच खंडातील उरुग्वेने २००७ मध्ये सुरू केलेल्या योजनेत लॅपटॉपबरोबर शाळांची जोडणी, दुरुस्तीची सोय आणि शिक्षक-प्रशिक्षण यांची सांगड घातली. ती योजना टिकली. आपल्या केरळने २००१ पासून शाळांतील संगणक शिक्षण सार्वजनिक व्यवस्थेच्या हाती ठेवले. पुढे घरोघर पाहणी करून, स्वयंसेवक पाठवून प्रौढांना शिकविले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संपूर्ण डिजिटल साक्षरतेची घोषणा केली. त्या मोहिमेत विद्यार्थीच आजी-आजोबांचे गुरुजी झाले होते.

मालवणच्या किनाऱ्याला तर दुसरा एक धडा माहीत आहे. यंत्र सर्वांना मिळाले नाही, तर ते ज्याच्याकडे आहे तो ज्याच्याकडे नाही त्याचे पूर्वीचेही हिरावून घेतो. रापण ओढणारा पारंपरिक मच्छीमार आणि प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणारी यांत्रिक नौका यांचा संघर्ष आपण डोळ्यांनी पाहिला आहे. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण काही मिनिटांत संपते, तेव्हा वेगवान जोडणी असलेला दलाल आणि कणकवलीच्या खिडकीवर पहाटेपासून उभा असलेला माणूस यांच्यात हीच विषमता असते.

कायद्याचा आधार

संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये शासनाच्या पैशांतून राखलेल्या विहिरी, तलाव, रस्ते आणि सार्वजनिक जागांच्या वापरास जात, धर्म, लिंग इत्यादी कारणांवरून आडकाठी करता येणार नाही, असे म्हटले आहे. महाडचा संगर त्या ओळींमागे उभा आहे. आजच्या इंटरनेटची लहर ज्या स्पेक्ट्रममधून वाहते, तो जनतेच्या मालकीचा नैसर्गिक ठेवा असून शासन त्याचे विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात स्पष्ट केले. म्हणून हेही एक सार्वजनिक तळेच आहे, असे म्हणण्यास आधार आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर निर्णय देताना इंटरनेटचा वापर हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिबाधित व्यक्तींच्या याचिकांवर, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा अंगभूत भाग असल्याचे सांगितले. आपला ठराव, म्हणायचा तर, संमत झाला आहे. आता तळ्यापर्यंत चालत जाणे उरले आहे.

आपल्या विद्यालयाने काय करावे

निवासी शाळेपुढे एक खरा पेच आहे. वसतिगृहात मोबाइलला बंदी असते आणि पालकांचीही तीच इच्छा असते. मोबाइलच्या व्यसनाने अभ्यासाचे नुकसान होते, हे आम्ही शिक्षक नाकारणार नाही. पण दहावीपर्यंत पडद्यापासून दूर ठेवलेला मुलगा शाळेच्या फाटकाबाहेर पडताच ओटीपी, पासवर्ड आणि अंतिम मुदतीच्या जगात एकटा सापडतो. शहरातल्या मुलाने हे सर्व घरात पाहून आत्मसात केलेले असते. आमच्या मुलाला ते शिकविणारी एकच जागा आहे, ती म्हणजे शाळा.

प्रत्येक हातात फोन देणे हा यावरचा उपाय नव्हे. संगणक कक्ष मात्र कुलुपात न ठेवता संध्याकाळी ठरलेल्या वेळी, शिक्षकाच्या देखरेखीखाली, खुला राहावा. मुलींसाठी वेळ राखीव असावी, म्हणजे यंत्रापुढची खुर्ची मुलांनीच अडवून ठेवली असे होणार नाही. आठवीपासून प्रत्येकाला मराठी टंकलेखन यावे. नववीत स्वतःचा ईमेल उघडणे, पासवर्ड जपणे आणि खोटी बातमी व फसवा दुवा ओळखणे शिकवावे. दहावीत अकरावीच्या प्रवेशाचा आणि शिष्यवृत्तीचा नमुना अर्ज वर्गातच भरून घ्यावा. अर्जात विद्यार्थ्याच्या किंवा पालकाच्या स्वतःच्या मोबाइलचा क्रमांक असावा, हा नियम मुख्याध्यापकांनी कटाक्षाने पाळावा. सुट्टीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या वाडीतील निदान दोन वडीलधाऱ्यांना, त्यांत एक तरी स्त्री असावी, ही कौशल्ये शिकवावीत.

माजी विद्यार्थी आज मुंबई, पुणे, गोवा आणि परदेशांतही स्थिरावले आहेत. वापरात नसलेला पण चालू स्थितीतला संगणक, वर्षभराच्या इंटरनेटचा खर्च किंवा सुट्टीतील चार दिवसांचे मार्गदर्शन, यांपैकी काहीही त्यांनी द्यावे. ग्रामसभेत वाडीच्या रस्त्याबरोबर वाडीच्या रेंजचाही विषय लेखी मांडावा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा; कारण नोंद नसलेल्या मागणीचा पाठपुरावा करता येत नाही.

हे सारे एका वर्षात होणार नाही. परंतु एक उद्दिष्ट आजच निश्चित करता येईल : पुढील वर्षी या विद्यालयातून दहावी उत्तीर्ण होणारा प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी आपला अकरावीचा अर्ज स्वतः वाचून, समजून, स्वतःच्या हाताने भरील. शिक्षक शेजारी उभे राहतील. कळफलकावरची बोटे मात्र विद्यार्थ्याचीच असतील.